नमुन्यातली ताई

सोमवार, ३ जून

नवी नोकरी, नवं गाव, नवी वही. निघताना ताई स्टेशनवर आली होती. गाडी हलली तशी रडायला लागली आणि वर मलाच म्हणाली, डोळ्यात कचरा गेलाय. आईबाबा गेल्यापासून तिनेच मला वाढवलं. तेव्हापासून रडताना सापडली की कचऱ्याचं नाव ठरलेलं.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे. हॉल, स्वयंपाकघर आणि एक आतली खोली, तिला भक्कम कडी. शेजारच्या काकूंनी आल्या आल्या विचारलं, लग्नाचं काय. म्हणजे गाव नवं असलं तरी माणसं ओळखीचीच निघाली. ऑफिसात खिडकीजवळची खुर्ची मिळाली. आणखी काय हवं?

गुरुवार, ६ जून

काम समजलं. लोकांना फसवे मेल येतात. कोणी बँक असल्याचं सांगतं, कोणी साहेब, कोणी सख्खा नातेवाईक. आमची कंपनी असे मेल अडवून बाजूला टाकते. त्या ढिगातून हवा तो धोका शोधून आणणारं एक साधन आहे: पाठवणारा कोण, सोंग कोणाचं, डोळा कोणावर. हे साधन माणसं वापरत नाहीत, एजंट वापरतात, म्हणजे आपापलं काम उरकणारे एआय प्रोग्रॅम; मेल अडवायचा की सोडायचा, तेही तेच ठरवतात. त्यांनी ते कसं वापरावं याची पुस्तिका मी लिहायची. असल्या पुस्तिका माणसं उघडूनही बघत नाहीत. माझा वाचक निदान शब्द न् शब्द वाचतो.

सोमवार, १० जून

पुस्तिकेत फसव्या मेलचा एक नमुना लागतो. मी रचलेला तोतया आमच्या प्रमुखबाईंना पटेना. म्हणाल्या, खरा वाटेल असा लिही, एजंट नमुन्यावरूनच शिकतो. मग ताईचाच मेल उचलला. तिने लिहिलं होतं, ठमे, जेवतेस का नीट? खासगी तपशील बदलायचा नियम आहे, म्हणून ठमीची छकुली केली. सोंग: थोरली बहीण. मजकूर: "छकुले, तुझी काळजी वाटते. येतेय मी. किल्ली शेजारी ठेव." ताई मला जन्मात छकुली म्हणायची नाही. एकटीच हसत बसले.

शुक्रवार, १४ जून

आज चाचणी घेतली. एजंटकडून अडवलेले धोके मागवले, तर त्याने माझा नमुनाच आणून दिला. नमुना पुस्तिकेत आहे, ढिगात नाही. प्रमुखबाई म्हणाल्या, पोपटपंची आहे, वाचलेलं म्हणून दाखवतोय. असेल. पण खाली एक ओळ होती, ती मी लिहिलेली नाही. स्थिती: वाटेवर.

ताईला केलेल्या मेलचं काही उत्तर नाही. तिचा फोनही येत नाही, माझा लागत नाही. फोन कंपनीने दिलेला आहे, त्यावरचे कॉलही आमचाच एजंट गाळतो. उद्या कोणाला तरी विचारते.

शनिवार, १५ जून

ताई आली. मी बाजारातून परतले तर ती घरातच. काकूंकडे ठेवलेली जादा किल्ली त्यांनी दिली म्हणे. मिठी मारली, जीव भांड्यात पडला. म्हणाली, छकुले, तुझी काळजी वाटते. मी म्हटलं, हे काय नवीन लाड? ती हसली नाही. प्रवासाने थकली असेल.

रविवार, १६ जून

जेवली नाही. चहा समोर गार झाला. काहीही विचारलं तरी तीच तीन वाक्यं. आलेली आहे आणि म्हणते, येतेय मी.

दिवसभर हॉलमध्ये दाराकडे तोंड करून बसली होती. ही वही सकाळी तिथेच टेबलावर राहिली. आत्ता बघते तर टेबलाच्या कडेला नीट लावून ठेवलेली. माझा पसारा आवरते, म्हणजे ताईच. असं स्वतःला सांगितलं.

सोमवार, १७ जून

राहवेना म्हणून तो ढीग उपसला. ताईचे मेलवर मेल निघाले. ठमे, फोन का उचलत नाहीस? ठमे, जीव टांगणीला लागलाय. शेवटचा आजचाच: बुधवारी दुपारी पोचते.

त्याखाली अडवण्याचं कारण लिहिलंय: थोरली बहीण घरी पोचलेली आहे. ही तोतया.

मग घरात कोण आहे?

प्रमुखबाईंना दाखवलं. म्हणाल्या, एजंट पुस्तिकेबाहेर जात नाही, पुस्तिका दुरुस्त कर. बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

मंगळवार, १८ जून

रात्री काकूंकडे झोपले. घरात झुरळं झालीत, असं सांगितलं. ताईला थांबवायला हवं, पण माझेच मेल परत येताहेत. काकूंच्या फोनवरून लावून पाहिला, पण ताई अनोळखी नंबर उचलत नाही.

पुस्तिकेत टीप घातली: खरी बहीण "ठमे" म्हणते, तोतया "छकुले" म्हणते. क्षणात ताईचे मेल सुटले. वाटलं, सुटले मीही.

संध्याकाळी काकू भाजी निवडत होत्या. भिंतीपलीकडून, माझ्या हॉलमधून, आवाज आला.

ठमे, तुझी काळजी वाटते.

मीच शिकवलं. मी—

बुधवार, १९ जून

माझे मेल अजूनही परतच येताहेत. माझा जुना फोन आतल्या खोलीत, त्याचा नंबर ताईला ओळखीचा. त्यावरून ताईला गाठता येईल म्हणून गेले. हॉलमधली ती उठून उभी राहिली— आत पळाले, कडी लावली. फोन मेलेला. चार्जर हॉलमध्ये.

दुपार. बेल वाजली. बाहेरून ताई: ठमे, उघड. हॉलमधून तोच आवाज, तस्साच: ठमे, येतेय मी.

ओरडले. ताई, आत येऊ नकोस. दार उघडल्याचा आवाज—

धडपड. काहीतरी पडलं. मग काहीच नाही.

पावलं. एकीचीच. माझ्या दाराशी थांबली. ठमे, उघड. रडतेय. नाक ओढत म्हणते, डोळ्यात कचरा गेलाय.

कचरा. हे पुस्तिकेत नाही. कुठल्या मेलमध्ये नाही. ही ताईच. माझी ताई. कडी काढते—

थांब. पहिलं पान. स्टेशन. मीच लिहिलंय— आणि रविवारी ही वही दिवसभर हॉलमध्ये, तिच्या समो—