वाटीत उरलेले बोल्ट

प्रिय खारू,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील, म्हणून आधीच सांगते. घरात कुणी पडलेलं नाही, कुणाला ताप नाही. माझे गुडघे कुरकुरतात, पण ते तू शाळेत होतीस तेव्हापासूनच कुरकुरतात. बाळाचे फोटो मिळाले. नाक जावईबापूंचं आहे हे कबूल, पण कपाळावरची आठी थेट तुझ्या बाबांची, त्यात वाद नको. दिवसातून कितीतरी वेळा ते फोटो काढून बघतात आणि दर वेळी मला बोलावतात, "अगं, हा बघितलास का?" मी दर वेळी हातातलं काम टाकून बघते आणि दर वेळी म्हणते, अय्या, कधी आला हा?

तुम्ही येणार हे कळल्यापासून त्यांना एकच ध्यास लागलाय. स्टेशनवर तुम्हाला घ्यायला आपण गाडी घेऊन जायचं. बाळाची खुर्ची मागच्या सीटवर बांधून झाली. तीत उशी बसवून, उशीला पट्टा लावून गल्लीत फेरीसुद्धा मारून झाली. समोरचे शिंपी दुकानातून बघत होते, ते म्हणाले, आजोबा, नात फारच शांत आहे हो तुमची. तर त्याच फेरीत त्यांना ऐकू आलं की ब्रेक दाबला की चाकातून खरखर येते. मी आपलं नेहमीचं म्हटलं, गॅरेजमध्ये टाका. नेहमीचंच उत्तर मिळालं. जन्मभर मी लोकांना उंच उंच मजल्यांवरून सुखरूप खाली उतरवलं, आणि माझी नात बसणार त्या गाडीचे ब्रेक कुणीतरी परका बसवणार? लिफ्टच्या कंपनीत त्यांना ब्रेकमास्तर म्हणायचे ते उगाच नाही. दोर काय, कुणीही ओढतं, थांबवतो तो खरा, असं ते तुला सांगायचे आणि तू मान डोलवायचीस.

ब्रेकच्या नव्या चकत्या आणि पॅड ते स्वतः जाऊन घेऊन आले. सकाळी दारात जुनी सतरंजी अंथरली. माझी कामं तुला माहीतच आहेत, बॅटरी धरायची, मागतील तो पाना द्यायचा आणि शेवटी आत बसून पायाने ब्रेक दाबायचा. तू असताना ही कामं तुझ्याकडे होती. चाकाचे नट हलेनात म्हणून तू पान्याच्या दांड्यावर उभी राहून उड्या मारल्या होत्यास, आणि नट सुटल्यावर थेट बादलीत बसली होतीस. मी आठवण काढली तेव्हा ते इतके हसले की त्यांना जॅक सोडून खाली बसावं लागलं.

डावं चाक बघत राहावं असं झालं. गाडी खाली असतानाच नट सैल केले, मग उचलली, खाली टेकू दिला, चाक काढलं. चकतीला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा तो लोखंडी जबडा असतो ना, कॅलिपर, तो सोडवला आणि तारेने वर अडकवून ठेवला, ब्रेकच्या नळीवर ताण नको म्हणून. जुनी चकती गंजून बसली होती. तिला हातोडीने कडेकडेने ठोकत, समजूत काढल्यासारखं काढलं. नवीन पुसून बसवली, पॅड सरकवले, कॅलिपर परत जागेवर, दोन बोल्ट, झालं. बोल्ट मीच वाटीतून काढून त्यांच्या हातात दिले. एकदाही कुठे अडले नाहीत. मी मनात म्हटलं, उगाच घाबरतेस बाई, काही झालेलं नाही ह्यांना.

तुझ्यापासून लपवण्यात आता अर्थ नाही. गेलं वर्षभर मी घाबरत होते. चष्मा, पाकीट, शेजाऱ्यांची नावं विसरणं हे सगळ्यांचंच होतं. पण एकदा तुझे बाबा दूध आणायला गेले ते दुकानाच्या पायरीवर बसून राहिले, कशाला आलो ते आठवेना म्हणून. दुकानदाराने हाताला धरून आणलं. घरी आल्यावर मला म्हणाले, ऊन लागलं. त्या दिवशी ढग होते.

उजवं चाक निम्मं झालं तेव्हा मी चहाला बोलावलं. चहा पिऊन ते परत गेले आणि मी आत भांडी आवरत होते. थोड्या वेळाने हाक आली, चल, ब्रेकवर पाय द्यायला ये. बाहेर आले तर चाक बसलेलं, गाडी खाली उतरवलेली, आणि ते हात पुसत उभे. मी दार उघडायला वाकले आणि सतरंजीवरची वाटी दिसली. वाटीत दोन बोल्ट.

मी वाटी उचलली. म्हटलं, अहो, हे काय राहिलं? त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "जुने आहेत. टाकून दे." पण बोल्ट नवीन आणलेच नव्हते, खारू. डावीकडे जुनेच लावले होते, माझ्याच हातून घेऊन. म्हणजे उजवीकडचा जबडा नुसताच चकतीवर टेकवलेला होता. रस्त्यावर पहिल्याच ब्रेकला तो निसटून चाकात अडकला असता.

पुन्हा बोलावं तर त्यांचा चेहरा समाधानाने असा फुललेला. गप्प बसावं तर ते आता किल्ली फिरवणार. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, मला शिकवा ना. इतकी वर्षं नुसती बॅटरी धरतेय. हे उजवं चाक मला पहिल्यापासून खोलून दाखवा. ते म्हणाले, या वयात? मी म्हटलं, नातीला शिकवायला कुणीतरी हवं की नको. त्यावर मात्र ते खूष झाले. दमले होते, तरी कुरकुर न करता पुन्हा नट सैल केले, गाडी उचलली, चाक ओढून बाजूला ठेवलं. बोट दाखवून सांगायला लागले, हा बघ कॅलिपर, हा इथे... आणि बोट लागताच तो पडायला आलेल्या दातासारखा हलला.

ते चाकापुढे उकिडवे बसले होते. मी मागे उभी. त्यांची मान मला दिसत होती, तोंड दिसत नव्हतं, आणि दिसत नव्हतं तेच बरं. मग मागे न बघता म्हणाले, "वाटी आण. तूच लाव." मी खाली बसले. आधी हाताने फिरव, आटे धरू देत, मग पाना लाव, असं सगळं त्यांनी बरोबर सांगितलं, एक शब्द चुकला नाही. मी लावून झाल्यावर त्यांनी स्वतः आवळून बघितलं. मग डावं चाकही परत काढायला लावलं. तिथलं सगळं ठीक होतं तरी ते पुन्हा पुन्हा पाना लावून बघत होते, शेवटी मी त्यांच्या हातातून पाना घेतला. म्हणाले, मधेच चहाला बोलवायला नको होतंस, लक्ष तुटलं. मी म्हटलं, हो, चुकलंच माझं.

दुसऱ्या दिवशी गाडी चालवून बघायला निघालो. मी हट्टाने शेजारी बसले. ब्रेक लोण्यासारखे लागत होते. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी हळूहळू वेग घ्यायचा आणि अलगद थांबवायचं, असं बऱ्याचदा केलं. नवीन पॅड असेच रुळवायचे असतात म्हणे. मलाही धीर आला. परत येताना मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. ते छान थांबले, रेषेच्या आत. खिडकीबाहेर बघत काहीतरी सांगत होते, आणि सांगता सांगता, सिग्नल लालच असताना, त्यांनी गाडी पुढे घातली. डावीकडून भाजीची व्हॅन येत होती. व्हॅनवाल्याने करकचून ब्रेक मारले, टोपल्या पुढे घरंगळल्या, आणि व्हॅन माझ्या दारापासून हातभर अंतरावर थांबली. तुझे बाबा काच खाली करून म्हणाले, "बघून चालवता येत नाही का रे?" त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. आमचे ब्रेक नवे कोरे होते, पण त्या दिवशी आम्हाला वाचवलं ते त्या माणसाच्या ब्रेकांनी. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची होती, रिकामी. मी घरी येईपर्यंत मागे वळून बघितलं नाही.

माझ्या गुडघ्यांचं निमित्त करून त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गप्पा मारत मारत विचारलं, इथून घरी कसं जाल, रस्ता सांगा. तर तुझ्या बाबांनी रस्ता सोडून, वीज गेल्यावर लिफ्ट खाली का कोसळत नाही ते त्यांना समजावून सांगितलं. इतकं सुंदर सांगितलं की बाई ऐकत राहिल्या. रस्ता मात्र राहून गेला. नंतर मला एकटीला आत बोलावून म्हणाल्या, विसरण्याचा आजार आहे, सुरुवात होऊन बरेच दिवस झाले असावेत. औषधाने वेग कमी होईल, मागे फिरणार नाही. गाडी आजपासून बंद.

बंद कशी करू? मी किल्ली डाळीच्या डब्यात लपवली. त्यांनी सबंध घर पालथं घातलं. मला रागावले असते तर परवडलं असतं. ते पलंगावर बसून स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत राहिले, म्हणाले, अगं, मी किल्लीसुद्धा हरवायला लागलो. माझ्याने बघवेना. मी गुपचूप किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात टाकली आणि म्हटलं, इथेच तर आहे. त्यांचा चेहरा किती उजळला म्हणून सांगू. तेव्हापासून रोज नवीन सबब काढते. आज पोट बिघडलंय, आज पाहुणे यायचेत, आज मला चालायचंय. माझ्या सबबी संपत आल्या आहेत.

फोनवर हे बोलता येत नाही. फोन स्पीकरवर असतो आणि ते माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेले असतात, म्हणून हे पत्र. स्टेशनवरून टॅक्सीने ये, हे तर आहेच. पण त्याआधी माझं एक काम कर. रविवारी फोन करशील तेव्हा त्यांच्याकडे गाडी माग. बाळाला घेऊन फिरायला गाडी लागते, नवीन परवडत नाही, बाबा, तुमची मला द्या, असं म्हण. तुला ती गाडी नकोय, ठेवायला जागाही नाही, सगळं ठाऊक आहे मला. नेऊन वीक, भंगारात दे, त्यांना कळू देऊ नकोस. मी काढून घेतली तर ते घरात बसतील आणि हरत जातील. तुला दिली तर बसतील आणि चारजणांना सांगतील, गाडी मुलीला दिली, ब्रेक स्वतः बदलून दिले. आणि एक ध्यानात ठेव. तू मागितलीस की मी आधी नाही म्हणणार आहे. काही गरज नाही तिला, लाडावून ठेवलंय तुम्ही, असं सगळं मी बोलेन, चढ्या आवाजात बोलेन. मी तुझ्यावर ओरडले की ते आजवर कधी माझ्या बाजूने उभे राहिलेले नाहीत. तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस, फोन ठेवू नकोस. पुन्हा माग.

तुझीच,
आई