सुताराचा वाटा

बाबा,

परवा जेवताना तुमच्या नातीने विचारलं, आजोबा कधी इथे आले होते का. आले होते, नऊ वर्षं होते, असं मी म्हटलं. तर म्हणते, "देन व्हाय डिडन्ट ही कम बॅक टू सी मी?" मराठीत बोललं की इंग्रजीत उलटून विचारणारी ही पोरं. विमानाची भीती वाटायची त्यांना, असं सांगून मी वेळ मारून नेली. तुमच्या सुनेने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि भात वाढला. खरं काय सांगणार होतो? तुझ्या आजोबांना या देशाने चोर ठरवून हाकललं, पुन्हा पाय ठेवायला बंदी घातली, हे सात वर्षांच्या पोरीला कसं सांगतात ते मला माहीत नाही. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे.

आपल्या गावात सुताराला कोणी अडवत नसे. घराचं काम असो की होडीचं, दिवस मावळला की कापून उरलेले तुकडे आणि ढलप्या तो गोणीत भरून घरी नेणार, हे ठरलेलंच. मजुरी वेगळी, हा वाटा वेगळा. एखाद्या मालकाने तो ठेवून घेतला तर चारचौघांत त्याचीच नाचक्की व्हायची. आपली चूल त्यावर पेटायची, आणि आपल्या घरातले पाट, रवी, पोळपाट सगळे दुसऱ्यांच्या घरांतून उरलेले होते. तोच नेम घेऊन तुम्ही इथे आखातात, अल क्वोजच्या जॉइनरीत, लाकूडकामाच्या कारखान्यात आलात. जुन्या मॅनेजरला त्याचं काही वाटलं नाही, लाकूड नाहीतर कचऱ्यातच जायचं. मजुरांच्या कॅम्पमधल्या अर्ध्याअधिक खोल्यांत तुमचे पोळपाट होते. मलबारी, पंजाबी, सगळे मागायला यायचे, आणि तुम्ही प्रत्येकाला आधी चार शब्द सुनावून मग द्यायचात. मला तुम्हीच बोलावून घेतलंत आणि त्याच वर्कशॉपमध्ये, शेजारच्या बाकावर उभं केलंत. माझा रंधा वाकडा चालला की तुम्ही बोलायचा नाहीत, नुसते खाकरायचात. अजूनही मागे कोणी खाकरलं की माझा हात थांबतो.

मग नवा मॅनेजर आला. स्टोअरमधून पितळी बिजागऱ्या आणि अख्ख्या फळ्या गायब होत होत्या, आणि त्याला चोर हवा होता. फाटकावर झडती सुरू झाली. तुम्ही रोजच्यासारखे गोणी खांद्यावर घेऊन निघालात. आत सागवानाचे हातभर लांबीचे तुकडे. वॉचमनने अडवलं तेव्हा मी तुमच्या मागेच होतो. म्हटलं, बाबा, टाकून द्या ते, उगाच कशाला. तुम्ही माझ्यावरच खेकसलात, "चोर काय फुडल्या दारान जाता रे?" इतक्या मोठ्याने की मॅनेजर ऑफिसातून बाहेर आला.

पोलीस ठाण्यात मला दाराशी उभं राहू दिलं. दुभाषा हिंदीत विचारत होता, "लकडी लिया क्या?" तुम्ही मान ताठ करून म्हणालात, "हां, लिया. रोज लेता है. नौ साल से लेता है. वो तो सुतार का ही होता है." बाबा, काय गरज होती हो नऊ वर्षांची! त्या दुभाष्याने शेवटचं वाक्य अरबीत केलं की नाही देव जाणे. जबाब लिहिणाऱ्या पोलिसाने मात्र समाधानाने मान डोलावली. त्याला एका गोणीची चोरी हवी होती, तुम्ही नऊ वर्षांची कबूल केलीत, तीही अभिमानाने. तीन महिने तुरुंग आणि मग हद्दपारी.

तीन महिने संपले तरी तुम्ही आतच. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता, आणि तो आल्याशिवाय तुरुंगवाले तुम्हाला विमानात बसवायला तयार नव्हते. भेटीच्या दिवशी जाळीच्या अलीकडे आम्ही नातेवाईक ओरडायचो, पलीकडून तुम्ही सगळे. प्रत्येक वेळी तुमचा सदरा अंगावर जास्त सैल दिसायचा. जेवण उतरत नाही म्हणालात. मी म्हटलं, मॅनेजरला गाठतो, हातापाया पडतो. त्यावर जाळी धरून तुम्ही ओरडलात, "त्याच्या पायां पडलंस तर माका तोंड दाखव नको!" मी बरं म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

तो वाईट माणूस नव्हता, हेच मला अजून पचत नाही. चहा मागवला माझ्यासाठी. म्हणाला, "पासपोर्ट? अरे, इधरही पडा है. किसी ने बोला ही नहीं."

"सर, कल भेज दो. बहुत कमजोर हो गया है."

"इन्शाल्ला भेजेगा. लेकिन तेरा व्हिसा भी खलास हो रहा है ना? हॉटेल का इतना बडा काम आया है. बाप गया, बेटा भी जाएगा, तो मैं क्या करूँ?"

तुम्हाला ठाऊक होतं, मी त्या महिन्यात परतणार होतो. आपल्या रस्त्याकडेच्या रिकाम्या खोपटात, त्या मांगरात माझं सुतारकामाचं दुकान टाकायचं ठरलं होतं. आईने तो सारवूनही ठेवला होता. मी चहा संपवला आणि रिन्यूच्या कागदावर सही केली. आठवड्यात तुमचा पासपोर्ट तुरुंगात पोचला. तुम्हाला जाळीतून सांगितलं, मला फोरमन केलंय, म्हणून राहतोय. तुमचा चेहरा केवढा उजळला होता.

नंतर व्हिसा दर वेळी रिन्यूच होत गेला. मांगरात शेजाऱ्याने गुरं बांधली. मी खरोखरच फोरमन झालो, लग्न झालं, शारजात खोली घेतली, पोरीला शाळेत घातलं, आणि आता परत जायचं कोणाच्या जिवावर? तुम्ही गेलात तेव्हा माझा पासपोर्ट त्याच कपाटात होता आणि किल्लीवाला सुट्टीवर. मी पोचलो ते दहाव्याला. हे सगळं तुम्ही होतात तेव्हाच लिहिलं असतं, पण तुम्हाला वाचता येत नव्हतं. आईने वाचून दाखवलं असतं, आणि मी कोणासमोर वाकलो ते तुम्हाला कळलं असतं. म्हणून लिहिलं नाही. आज लिहितोय, तर वाचून दाखवायला आईही नाही.

तुम्हाला पाठवलं त्या दुपारी मी एअरपोर्टवर कठड्यापाशी उभा होतो. पोलिसांच्या बसमधून तुम्ही उतरलात, हातात बेड्या, अंगावर वर्कशॉपचाच सदरा. आईसाठी आणलेला खजुराचा डबा मी पुढे केला, पण पोलीस "यल्ला, यल्ला" म्हणत तुम्हाला ढकलत होता. तुम्ही वळलात, दोन्ही हात एकदम वर केलेत आणि हसलात. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी तिथेच, सगळ्यांदेखत, हुंदके देऊन रडलो. बापाची ती दशा पोराला बघवली नाही, असं तुम्ही गावात सगळ्यांना सांगायचात, आईच बोलली होती.

तसं नव्हतं, बाबा. तुम्ही घरी चालला होतात. मला तुमचा हेवा वाटला, म्हणून रडलो.