घरच्या माणसाचं माप

९ ऑगस्ट

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. निघताना तुला नीट भेटले नाही, दुकानाच्या दारातूनच हात हलवला, त्याचा राग धरू नकोस. आत आले असते तर शिलाईच्या मशीनशेजारचं ताईचं स्टूल दिसलं असतं आणि मग माझी गाडी चुकली असती.

वसतिगृहाची खोली लहान आहे पण हवेशीर. दोन खाटा, दोन टेबलं, एक खिडकी. दारावर अजून ताईच्याच नावाची चिठ्ठी आहे. रूममेट म्हणाली, तू पत्रातून खिडकीजवळची खाट मागितली होतीस म्हणून मी ती राखली. मी तिला सांगितलं की ते पत्र माझ्या आतेबहिणीचं, ती जूनमध्ये तापानं गेली. बिचारी ओशाळली. खाट मात्र मलाच मिळाली, जशी जागा मिळाली.

आत्या, निकालाच्या दिवशी ताई काय म्हणाली होती, आठवतं ना? वेटिंग लिस्टवर पहिलं नाव माझं, तेव्हा तिला काही झालं तर माझी चांदी. आपण तिघी पोट धरून हसलो होतो. तिच्या औषधाच्या बाटल्या तू टाकायच्या आत मला विद्यापीठाचं पत्र आलं. इथे फाटकातून आत शिरताना रोज ते हसणं ऐकू येतं.

खाण्यापिण्याचे हाल नाहीत. दुधावर जाड साय येते, रूममेटचीही मीच खाते. काळजी नसावी, लोभ मात्र भरपूर असावा.

तुझी,
ढमी


२५ ऑगस्ट

चि. ढमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राग कसला धरायचा? तू आत आली असतीस तर मीही दुकान बंद करून बसले असते. तिचं हसणं ऐकू येत असेल तर येऊ दे. मला इथे तेवढंही ऐकू येत नाही.

पार्सलात प्रयोगशाळेत घालायचा पांढरा कोट आहे. माप मागवलं नाही म्हणून हसू नकोस. गिऱ्हाइकाला टेप आणि घरच्या माणसाला नजर, ही माझी पद्धत तुला ठाऊक आहे. तुझं पहिलं झबलंही मी नजरेनंच बेतलं होतं. एका बैठकीत कापला. कात्री अशी सुरेख चालली की बऱ्याच दिवसांनी हात हलका वाटला.

दुकानात गर्दी आहे. मुख्याध्यापिकाबाई सुट्टीत चांगल्याच भरल्या आहेत आणि माझी टेप आटली म्हणून माझ्याशी भांडतात. मी टेप बदलून दाखवली, तर त्यांच्या मते दुसरीही आटलेलीच निघाली.

अभ्यासाला खिडकीशी बस. पेन्सिल चावू नकोस. आणि दूध गाळून घेत जा, सायीची तुला लहानपणापासून शिसारी.

पत्र पाठवत राहा, तेवढाच जिवाला आधार.

तुझी आत्या


१८ सप्टेंबर

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कोट मिळाला. कापड इतकं छान की वर्गातल्या दोघींनी तुझ्या दुकानाचा पत्ता विचारला. खिशावर पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्यानं तू दोन अक्षरं काढली आहेस. उजेडात तिरपं धरल्याशिवाय ती दिसत नाहीत, पण बोट फिरवलं की लागतात. ती ताईची अक्षरं आहेत. तुला ठाऊक असेलच, म्हणून मी काही विचारत नाही.

इथली एक गंमत सांगते, गंमत म्हणायची का ते तू ठरव. हजेरीपटावर अजून ताईचंच नाव आहे, माझं नाहीच. कचेरीतला कारकून म्हणतो, एका कागदावर माझी सही लागेल, मग तो तिचं नाव खोडून माझं घालेल. परीक्षेच्या आत सही झाली नाही तर जागा रद्द, मग ती यादीतल्या पुढच्या मुलीला. कागद माझ्या टेबलावर पडून आहे. तिचं नाव खोडायला माझा हात धजत नाही. सर रोज ते नाव घेतात, थांबतात, वर्गभर बघतात. परवा ते असेच थांबले आणि कुणीतरी हजर म्हणालं. तो आवाज माझा होता. सरांनी वर न बघता खूण केली. तेव्हापासून रोज मीच म्हणते.

प्रयोगशाळेच्या बोळात काचेची कपाटं आहेत. संध्याकाळी परतताना त्या काचांत एक पांढरा कोट चालताना दिसतो आणि तो माझ्यापेक्षा उंच वाटतो. मी भित्री नाही, तुला माहीत आहे. पण हल्ली मी त्या बाजूला बघत नाही.

दूध गाळून घेते. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी


१२ ऑक्टोबर

चि. लाडकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हजर म्हणतेस ते फार बरं करतेस. पत्र वाचलं आणि त्या दिवशी मला गाढ झोप लागली. तिथे नाव घेतलं की उत्तर येतं, एवढंच मला पुरे. त्या सहीची घाई करू नकोस. कारकुनांचं काय, त्यांना खोडायलाच आवडतं.

थंडीसाठी लोकरी कोट पाठवते. हाही एका बैठकीत झाला. कापताना तू समोर स्टुलावर बसून पाय हलवते आहेस असं वाटत होतं. इतकं, की पाय हलवू नकोस म्हणून मी मोठ्यानं ओरडले आणि दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं त्यालाच बोलले. बिचारा ताठ उभा राहिला.

केस वाढव, आखूड तुला शोभत नाहीत. सुट्टीत आलीस की मी विंचरून देईन. वाट बघते.

तुझीच


३ डिसेंबर

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

छापखान्यात कॅलेंडरांची घाई, म्हणून लिहायला उशीर झाला. तुझ्या हाताची तक्रार करायची ही माझी दुसरी वेळ. पहिली वेळ तू शिवलेल्या चड्डीत मला खाली बसता येत नव्हतं तेव्हाची, आणि तेव्हा तू मला उभ्यानं जेवायला लावलं होतंस.

ढमी सुट्टीला घरी आली आहे. तुझा लोकरी कोट घालून गाडीतून उतरली, तर तो जमिनीवर लोळत होता आणि बाह्यांतून बोटंही दिसत नव्हती. मी हसलो, ती हसली नाही. घरातही काढत नाही. बारीक झाली आहे. पातेलं चाटणारी आमची पोर दुधावरची साय बाजूला काढते. तिच्या आईनं ढमी म्हणून हाक मारली तर ओ देत नाही. काल तुझ्या लेकीचा विषय निघाला, मी तिचं नाव घेतलं, तर आतून ओ आली.

परत जायचं नाही म्हणते. जागा ताईची होती, आपण उगाच अडवून बसलोय, सही करणार नाही, जाऊ दे पुढच्या मुलीला. तिनं रात्रंदिवस केलेला अभ्यास मी पाहिला आहे, मला हे बघवत नाही. तुझी पत्रं तिनं मला दाखवली. रागावू नकोस, पण शेवटचं पत्र तू कुणाला लिहिलं आहेस ते एकदा आठवून बघ. तुझी गेली. माझी समोर बसलेली असून हाताला लागत नाही. तिला सांगायचं तर तूच सांगू शकशील.

धाकट्याचं बोलणं पोटात घाल.

तुझा भाऊ


८ डिसेंबर

चि. ढमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बाबाचं पत्र आलं. आधी त्याचाच राग आला. टेबलावर तुझ्यासाठी बेतलेला तिसरा कोट होता, तो मी टेपनं मोजला. घरच्या माणसाच्या कपड्याला आयुष्यात पहिल्यांदा टेप लावली. खांदा तिचा, बाही तिची, उंची तिची. जन्मापासून तुझे कपडे शिवते आहे, तुझं माप मला पाठ आहे, आणि माझ्या हातानं ते एकदाही विचारलं नाही.

कळवलं का नाहीस, हे मी विचारणार नाही. मला बरं वाटतं म्हणून तू ते लांब कोट घालत राहिलीस, आणि मी घालू दिले. पोर परत मिळते आहे म्हटल्यावर कुणाची पोर हे मी पाहिलंच नाही.

आता नीट ऐक. ती जागा तिची होती. ती गेल्यावर तुझी झाली, आणि ती तुझ्या मार्कांवर झाली, माझ्या दुःखावर नाही. तू सोडलीस म्हणून ती तिला परत मिळणार नाही. तिनं थट्टेत म्हटलं ते तुला खरंच मिळालं, याचा मला आनंद करता येत नाही, अजून नाही. पण तू घरी बसलीस तर मी दोघींना मुकेन. सही कर. तिथून नाव खोडलं म्हणून माझ्याकडून ते खोडलं जात नाही.

सोबत टेप पाठवते. रूममेटला सांग, खांदा, छाती, बाही, उंची नीट घे म्हणावं. यापुढे तुझं काही अंदाजानं शिवणार नाही. साय खा.

माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी आत्या


२१ जानेवारी

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सही केली. कारकुनानं पट्टी धरून रेघ मारली, मी बघत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सरांनी माझं नाव घेतलं. कुणी उत्तर दिलं नाही. सर थांबले, वर्गभर बघितलं. मीही मागे वळून बघितलं की कोण ही मुलगी, बोलत का नाही. रूममेटनं कोपरानं ढोसलं तेव्हा हजर म्हणाले, ते इतकं चिरकं की सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

परीक्षा दिली, पेपर बरे गेले. त्यातला एक पेपर तर ताईला फार आवडला असता. माप पत्राच्या मागे लिहिलं आहे. कमरेचं रूममेटनं दोनदा घेतलं. टेप आटली असावी.

बोळातल्या काचांकडे आता बघत जाते. त्यात मीच दिसते, आखूड आणि गोल. माझ्या मागे, जरा अंतरावर, कुणी नसतं. हे नसणं मला आधीच्या दिसण्यापेक्षा जड जातं, आत्या. तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

ते दोन लांब कोट कापून माझ्या मापाचे करता येतील का, असं रूममेट विचारते. तू सांगशील तसं.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
ढमी


६ फेब्रुवारी

चि. ढमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माप पोचलं. मुख्याध्यापिकाबाईंची टेप तुझ्यापर्यंत पोचलेली दिसते, बरं वाटलं. नवा कोट पाठवते. फार वेळ लागला. दर कापाला थांबले, टेप लावली. कात्री आपली उंचीकडेच ओढत होती. शेवटी तुझा झाला. घालून बघ, खांद्यात ओढत असेल तर स्पष्ट लिही, माझ्या भिडेखातर घालू नकोस.

जुन्या दोन कोटांना कात्री लावायची नाही. घडी घालून माझ्याकडे परत पाठव. तिचे कपडे मी जूनमध्येच शहाणपणानं वाटून टाकले. तिसरा कोटही परवा एका उंच मुलीला देऊन बसले. आता तुझ्या ताईच्या मापाचं या घरात काही नाही. काल दुकान बंद करताना सहज खडूनं टेबलावर तिची बाही आखायला गेले, तर ती तुझी आली. म्हणून ते कोट लवकर पाठव.

लोभ आहेच.

तुझी आत्या