दार आडवं टाकलं

गुरुजी, आपल्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीचं दार मी काढून टाकलं. तुमच्या हयातीतच काढायचं होतं, पण तेवढी पावर तवा माझ्या हातात न्हवती. आता आहे. जालन्याच्या सरकारी कचेरीत जुनं सामान मोडीत काढायचं काम माझ्याकडं असतं. कचेरीला नवे कॉम्प्युटर आले, तवा चालू असलेले जुने शाळांना वाटून टाका म्हणून वरून हुकूम आला, आणि मी पहिलं नाव आपल्या शाळेचं घातलं. गावाच्या मायेपायी न्हाई. तुमच्यावरच्या रागापायी.

आपल्या शाळेत पहिल्यांदा कॉम्प्युटर आल्ते, तो दिवस मला अजून दिसून राह्यलाय. तुम्ही नारळ फोडताय. आम्ही पोरी चपला काढून उंबऱ्याबाहेर उभ्या आहोत, आत यायचं न्हाई. मंग त्यांच्यावर कापडी खोळी चढल्या. त्या निघायच्या वर्षातून एकदा, दसऱ्याला, झेंडूचा हार घालण्यापुरत्या. बाकी वर्षभर कुलूप, आणि किल्ली तुमच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात.

खोली झाडायला मात्र आम्ही पोरीच लागायचो. सातवीत असताना झाडता झाडता मी खोळ उचलली आणि बटण दाबलं. घुर्र आवाज आला, काच उजळली. तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलं, ते बांगडी फुटेस्तोवर सोडलं न्हाई. तसंच ओढत वर्गात नेलं आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "ऊस तोडायचे हात हायेत तुझे. मशिनीला लावती व्हय? बिघडलं म्हंजे तुझी माय भरून देणार का?" माझी माय तवा खरंच ऊसतोडीला गेल्ती. वर्ग हसला. बांगडी रुतल्याचा वण अजून मनगटावर आहे.

पुढं काय झालं, गुरुजी? खोळीतल्या खोळीतच मेले ते कॉम्प्युटर. उंदरांनी वायरी खाल्ल्या. उंदरांना परवानगी होती, पोरींना न्हवती! कॉलेजात पहिल्यांदा माऊस धरला तो उलटाच, आणि तिथल्या पोरीही हसल्या. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलून राह्यले.

मागच्या महिन्यात सामान घेऊन मी स्वतः गेले. आत्ताच्या मोठ्या बाई हौसेनं म्हणाल्या, "मॅडम, ती खोली झाडून ठेवलीय. कुलूप बी नवं आणलंय." कुलूप म्हणल्यावर माझं डोस्कंच फिरलं.

"दार काढा त्या खोलीचं."

"अहो, चोरी व्हईल ना."

"सातवीच्या वर्गात मांडा. रात्री शाळेला कुलूप असतंच की."

"वर्गात टेबल न्हाई, मॅडम."

"मंग दारच आडवं टाका!"

टाकलं, गुरुजी. विटांवर आडवं टाकलं. तुम्ही स्वतः रंगवलेलं 'विनापरवानगी हात लावू नये' बराबर वरच्या बाजूला आलं. बाई म्हणाल्या, त्यावर रंग मारून घेऊ. मी म्हणाले, बिलकुल न्हाई, राहू द्या. आता तुमच्या 'विनापरवानगी'वर कीबोर्ड आहे, आणि 'नये'वर पोरी कोपर टेकून बसतात. कसं वाटतंय?

पहिल्या दिवशी एक पोरगी मधल्या सुट्टीत चिंचा खाऊन आल्ती. चिकट बोट पुढं करून म्हणाली, "दाबू का, मॅडम?"

"इचारू नको. दाब."

तिनं दाबलं. घुर्र झालं, आणि माझी मान आपसूक मागं, वर्गाच्या दाराकडं वळली. बाईंनी विचारलं, "कुणी साहेब येऊन राह्यले का?" मी हो म्हणाले. हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं न्हाई, म्हणून सांगते. साहेब कुणीच येणार न्हवते. आणि मनगट मी पदराखाली झाकून घेतलं होतं.