हात कोणाचा होता

मुलुंड (पूर्व),
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. माणिकआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस. मागे मी हर्षद दमणला गेलाय म्हणाले, तर तू तो दमलाय समजून माझ्या नवऱ्यासाठी च्यवनप्राश धाडलास! म्हणून पत्र.

विषय धंद्याचा आहे. हल्ली क्लिनिकमध्ये दर दोन दिवसांनी कोणीतरी ‘स्क्रूवाला दात’ विचारतं आणि मी त्यांना दुसऱ्याकडे पाठवते. आता मलाच इम्प्लांट शिकायचंय. अंधेरीला एका हॉटेलात शनिवार-रविवारचा कोर्स आहे, त्यात प्लॅस्टिकच्या जबड्यात स्क्रू पिळायचा, जेवायचं, सर्टिफिकेट घेऊन घरी. दुसरा एका डेंटल कॉलेजात, वर्षभर दर शनिवारी. आधी कित्येक महिने नुसतं बघायचं. आणि तिसरा आपल्या निहारदादाचा, अंधेरीतच, पाच दिवसांचा. त्याच्या जाहिरातीत ‘पेशंट तुमचा, हात तुमचे’ असं लिहिलंय.

पेशंट माझ्या डोळ्यासमोर आहे. भांडुपच्या विमलामावशी, मालवणकडच्या. खालची उजवी दाढ गेली तेव्हापासून एकाच बाजूने मासे खाऊन वैतागल्यात. त्या माझ्याशिवाय कोणाला तोंड उघडून दाखवत नाहीत.

म्युनिसिपल हॉस्पिटलात मी पहिला दात काढला तो तुझ्या हाताखाली. तेव्हा तू सांगशील ते करीन. निहारदादा तुझा मुलगा आहे हे विसरून सांग, जमलं तर!

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
ऋता

*

बोरिवली (पश्चिम),
१८ जानेवारी २०२५

चि. ऋता हिस,
अनेक आशीर्वाद.

च्यवनप्राश वाया गेला नाही ना? मग झालं.

हॉटेलवाला कोर्स सोडून दे. प्लॅस्टिकच्या जबड्याला रक्त येत नाही आणि तो घाबरतही नाही. वर्षभराचा चांगला असेल, पण क्लिनिक, सासूबाई, लेकीची, मधुवंतीची दहावी, एवढं सांभाळून दर शनिवार तू कुठून आणणार? निहारकडेच जा. मुलगा म्हणून सांगत नाही, त्याचं काम मी पाहिलंय. हात झकास आहे त्याचा. शिवाय घरचा माणूस. उद्या तुझं काही अडलं तर परका शिक्षक फोन उचलणार नाही, हा उचलेल. न उचलून सांगतो कोणाला, मी आहे ना!

मात्र ड्रिल तुझ्याच हातात असलं पाहिजे. दुसऱ्याचा हात बघून कोणाचा हात तयार होत नाही. विमलाबाईंना माझा नमस्कार सांग. दोन्ही बाजूंनी मासे खायला लागल्या की मी जेवायला येईन म्हणावं.

सगळ्यांना आशीर्वाद. पत्रात हात आखडता घेऊ नकोस.
तुझी,
आत्या

*

मुलुंड (पूर्व),
९ मार्च २०२५

ती. स्व. माणिकआत्यास,
शि. सा. न.

पत्राला उशीर झाला. लिहायला बसत होते आणि उठत होते.

कोर्सचे पहिले तीन दिवस छान गेले. निहारदादा शिकवतो सुरेख, हे कबूल. चौथ्या दिवशी विमलामावशींची पाळी होती. स्कॅन मी दहा वेळा बघितला होता. खालून नस जाते, तिच्या वर जागा सोडायची, म्हणून मी आखूड इम्प्लांट ठरवलं होतं. दादानेही आदल्या दिवशी होकार दिला होता.

सुरुवातीलाच फोटोग्राफर आला. दादाने माझ्या हातात ड्रिल दिलं, मान जरा डावीकडे कर म्हणाला, फोटो काढले. मग मावशींच्या चेहऱ्यावर हिरवं कापड आलं, तोंडापुरतं उघडं. मी सुरुवात केली. सावकाश करत होते, तसंच त्याने शिकवलं होतं. पण बाहेर कंपनीची माणसं जेवणासाठी खोळंबली होती. तो घड्याळाकडे बघत होता. पहिलं भोक अर्धं झालं नाही तोच त्याने माझ्या हातातून ड्रिल घेतलं आणि थुंकी ओढायची सक्शनची नळी माझ्या हातात दिली. असिस्टंटला लांब इम्प्लांट काढायला सांगितलं. मी हळूच म्हणाले की दादा, आपलं आखूड ठरलंय. तर तो हसून म्हणाला की भरपूर हाड आहे, घाबरट डॉक्टरांचे इम्प्लांट हलतात. सगळे हसले. मीही हसले, आत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींचा फोन आला की खालचा ओठ नि हनुवटी बधिर आहे, उजवीकडची, जणू दुसऱ्या कोणाची लावलीय. मी दादाला विचारलं. त्याने इंजेक्शनचा असर आहे, पंधरा दिवस थांब असं सांगितलं. मी थांबले नाही. त्याच दुपारी स्कॅन केला. स्क्रूचं टोक नसेला टेकलेलं दिसलं. कॉलेजातल्या सर्जनबाईंनी संध्याकाळच्या आत तो काढला. संवेदना परत येईल का, हे त्या सांगू शकल्या नाहीत.

आता ऐक. मावशींच्या मुलाने, सौरभने, दादाला फोन केला. दादाने त्याला सांगितलं की माझ्या कोर्समध्ये डॉक्टर स्वतःच ऑपरेशन करतात, मी फक्त मागे उभा असतो, डॉक्टर ऋतांचा अंदाज चुकला. सौरभने मला तो फोटो दाखवला. दादाच्या पेजवर आहे. माझ्या हातात ड्रिल, समोर त्याची आई, आणि खाली अभिनंदन.

तू दादाशी बोल. मला दुसरं काही नको. त्याने त्या घरात जाऊन खरं काय ते सांगावं.

तुझीच वाट बघत,
ऋता

*

बोरिवली (पश्चिम),
१६ मार्च २०२५

चि. ऋता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. निहार येऊन गेला. त्याने माझ्यापासून काही लपवलं नाही. ड्रिल त्याच्या हातात होतं हे त्याला मान्य आहे. फार थकलाय गं तो.

पण बाळ, शांतपणे विचार कर. स्क्रू वेळेवर निघाला, तो तूच काढून घेतलास, त्याबद्दल तुझं कौतुकच. आता कोणाचा हात होता या खोलात शिरून विमलाबाईंचा ओठ सुधारणार आहे का? निहारच्या सेंटरला येत्या महिन्यात परदेशी संस्थेची मान्यता मिळायची आहे. त्याच्यावर पंचवीस जणांची घरं चालतात. तुझं क्लिनिक गल्लीतलं, लोक तुला ओळखतात, चार महिन्यांत विसरतील. त्याचं नाव मोठं आहे, पडलं तर उठायचं नाही. तू काही बोलू नकोस, एवढंच मागते. घर एकत्र राहिलं पाहिजे.

आजवर तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं.
तुझी,
आत्या

*

मुलुंड (पूर्व),
२३ मार्च २०२५

माणिकआत्यास,
नमस्कार.

निहारदादा खोटं बोलला तेव्हा मला राग आला. तुझं पत्र वाचून राग आला नाही. वाचून झाल्यावर मी खुर्चीतून उठले आणि कशासाठी उठले तेच आठवेना.

बधिर ओठ म्हणजे काय हे तुला कोणी समजावून सांगायला नको. आम्हा पोरांना तूच शिकवलंस, की पेशंट जेवताना स्वतःचा ओठ चावतो आणि रक्त दिसेपर्यंत त्याला कळत नाही. तुला सगळं ठाऊक आहे आणि तरी तू मला गल्लीतली म्हणून सोडून दिलंस. घर एकत्र राहायला हवं, असं लिहिलंस. मी त्या घरातली नाही का?

मी गप्प बसणार नाही. भांडुपला जाऊन आले. मावशींना सांगितलं की पेशंट माझ्या होत्या, त्यांना तिथे मी नेलं, दादाने ड्रिल हिसकावलं तेव्हा मी त्याला अडवलं नाही, ही जबाबदारी माझी. पण नसेपर्यंत गेलेलं ते भोक मी पाडलेलं नाही. सौरभ म्हणाला की मोठ्या डॉक्टरवर ढकलणं सोपं असतं, फोटो काय खोटा आहे? त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. त्या गल्लीतले तीन पेशंट या आठवड्यात आले नाहीत.

कॉलेजातल्या वर्षभराच्या शनिवारच्या कोर्सला नाव घातलंय. या वेळी शिक्षकांना काही विचारलं नाही. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठलं आणि विचारलं की तुमच्या हातून बिघडलं तेव्हा सर कुठे होते. तिघांनीही सांगितलं की शेजारी उभे होते, आणि पेशंटशी आधी तेच बोलले. एवढं मला पुरे.

तब्येत जप.
ऋता

*

बोरिवली (पश्चिम),
२० एप्रिल २०२५

चि. ऋता हिस,
आशीर्वाद. तुला हवे असले तर.

पंधरा दिवसांपूर्वी मी भांडुपला विमलाबाईंकडे गेले होते. तू पत्ता दिला नव्हतास. तुझ्या क्लिनिकमधल्या गंधालीकडून घेतला, तिला रागावू नकोस.

मी कोण ते सांगितलं नाही, नुसतीच डॉक्टर म्हणाले. त्यांनी बसायला दिलं, चहा केला. स्वतःही प्यायल्या. अर्धा चहा उजवीकडून हनुवटीवर ओघळला आणि त्या माझ्याशी हसून बोलतच होत्या. सून, श्वेता, हिने समोरून स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं, तेव्हा त्यांनी पदराने पुसलं. त्या दोघींची ती खूण ठरलेली असावी, इतकं ते सहज झालं. मी नोकरीभर हे बघत आले. पण तो ओघळ माझ्या मुलाने दिलेला कधी बघितला नव्हता.

मग सांगितलं. की मी निहारची आई, ड्रिल त्याच्या हातात होतं, त्याने स्वतः मला सांगितलंय. सौरभ उभा होता तो खाली बसला. विमलाबाईंनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला. मग म्हणाल्या की तुमचो झील आसान तुम्ही इलात, मग तो खंय आसा? मुलगा कुठे आहे, एवढंच विचारलं त्यांनी, आणि मी चपला घालून निघाले.

घरी येऊन निहारला सांगितलं. त्याने विचारलं की आई, तू नक्की कोणाची? दोन रविवार झाले, तो आला नाही, अनयलाही पाठवला नाही. नातवाचा आवाज मला फारसा ऐकू येत नाही, पण तो मांडीवर चढतो ते कळायचं.

एक लिहायचं राहिलं. तू गप्प राहावंस असं निहार बोलला नव्हता. तो फक्त रडला होता. त्या पत्रातलं सगळं माझंच होतं. गल्लीतलं हेही.

उत्तर देऊ नकोस वाटलं तर.
आत्या

*

मुलुंड (पूर्व),
४ मे २०२५

ती. स्व. माणिकआत्यास,
नमस्कार.

सौरभ क्लिनिकमध्ये आला होता. माफी मागायला आला आणि न मागताच स्वतःची दाढ दाखवून गेला. मला तेवढं चाललं. विमलामावशींना ओठाच्या कडेला मुंग्या येतात म्हणे. सर्जनबाई म्हणतात की हे चांगलं लक्षण आहे, पण वचन देत नाहीत. तो फोटो पेजवरून गेलाय. कोणी काढला, दादाने की त्याच्या माणसांनी, ते माहीत नाही. त्याचा फोन नाही, पत्र नाही.

त्याला मी माफ केलेलं नाही. तुलाही पूर्ण केलेलं नाही, खोटं कशाला लिहू? तुझी आठवण आली की आधी ते मार्चचं पत्र आठवतं, मग तू भांडुपचा जिना चढताना दिसतेस. क्रम अजून बदलत नाही.

पण अनय येत नाही हे वाचून राहवलं नाही. येत्या रविवारी मी मधुवंतीला घेऊन येते. भिंतीवर निहारदादाचा फोटो असेल, तो आमच्यासाठी उतरवू नकोस. तो तुझा मुलगा आहे. मी त्याच्याकडे पाठ करून बसेन.

लोभ किती उरलाय ते बघत नाही. आहे तेवढा पाठवते.
ऋता