चारनंतरचं पाणी

प्रिय शिस्तबाई,

या नावाने तुला आता कोणी हाक मारत नसेल. वृद्धाश्रमाच्या मुख्य परिचारिकेला असं म्हणायची छाती वसतिगृहातल्या जुन्या खोलीमैत्रिणीशिवाय कोणाची होणार? परवा तपासणीला आले तेव्हा मात्र मी तुला सगळ्यांसमोर 'मॅडम' म्हटलं आणि तू ओठ मुडपून हसलीस. बरं वाटलं. पण तेवढंच काय ते बरं वाटलं.

तक्रारी दिसायला साध्याच होत्या. कोणाचे वडील सारखे पाणी मागतात, कोणाच्या आईचे ओठ फुटलेत. तुझ्या त्या लखलखीत दालनात शिरल्यावर मलाही क्षणभर वाटलं, उगाच आले. चादरी पांढऱ्याशुभ्र, भेटायला आलेली मंडळी तुझं कौतुक करून थकत नव्हती. पण आजाऱ्यांच्या सेवेत आपण दोघींनी उमेदीची वर्षं घालवली आहेत गं. इतकी माणसं अंथरुणाला खिळलेली आणि वासाचं नाव नाही, हे काही माझ्या गळी उतरेना.

खिडकीजवळच्या आजोबांना, पूर्वी बस चालवायचे ते, मी पाणी द्यायला गेले. त्यांनी पेल्यावर तळहात ठेवला. म्हणाले, "चार वाजून गेले, बाई. आता प्यालो तर चादर ओली होईल." जीभ टाळूला चिकटत होती आणि समजूत माझी घालत होते! पुढच्या खाटेवर तेच, त्यापुढच्याही. पाण्याचे जग होते, पण भिंतीकडच्या फळीवर, कोणाचाच हात पोचणार नाही असे. मला भयंकर राग आला. ते जग खाटांशेजारी आणून ठेवले आणि सगळे पाणी पिईपर्यंत मी तिथून हलले नाही.

रात्रपाळीच्या दोघी मावश्या मान खाली घालून म्हणाल्या, हे आमचंच डोकं, मोठ्या बाईंना माहीत नाही. पढवलेलं बोलणं लपत नाही. स्वयंपाकीणबाईंनी मात्र सांगून टाकलं, की संध्याकाळचा चहासुद्धा तूच बंद करवलास. एवढ्या चादरी बदलायला माणसं आहेत कुठे, असं म्हणालीस म्हणे. माणसं कमी आहेत, खरंय. मग वरच्यांशी भांडायचं होतंस. ते सोडून तू म्हाताऱ्यांचं पाणी तोडलंस? शिकत असताना घोट न गिळता येणाऱ्या एका बाईंना चमच्याने पाणी पाजत तू अख्खी दुपार बसली होतीस आणि उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली होतीस. नव्या मुलींना मी आजवर हीच गोष्ट सांगत आले. आता कोणत्या तोंडाने सांगू?

काल तुझा फोन आला. अहवालात मावश्यांची नावं घाल, त्यांना कुठेही काम मिळेल, माझं मात्र सगळं मातीमोल होईल, मैत्रीखातर एवढं कर, म्हणालीस. मी गप्प राहिले, तो होकार समजू नकोस. माझं उत्तर हे पत्र आहे. अहवाल आज सकाळी गेला. हुकूम तुझा होता, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तू माझी मैत्रीण आहेस हेही लिहिलंय, म्हणून उद्याची चौकशी दुसरे अधिकारी करतील. आत जाशील तेव्हा खरं सांग. बाहेरच्या बाकावर मी तुझी वाट पाहत असेन. नाही सांगितलंस तरी मी तिथेच असेन, पण त्या दोघी मावश्यांच्या शेजारी.

अजूनही तुझीच,
खोलीमैत्रीण