साहेबांच्या खाजेची वही

तीर्थरूप अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार, आणि तो तू न घेता परत पाठवलास तर हा दुसरा नमस्कार जवळ ठेव. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझा डावा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरतेस ना? सूनबाई डोळ्यांत वेळेवर थेंब घालते का? (हे सगळं मी गेले तीन महिने फोनवर विचारायचा प्रयत्न करतो आहे. पण माझा आवाज ऐकला की तू फोन सूनबाईच्या हातात देतेस, ती "बऱ्या आहेत" म्हणते, मी "बरं" म्हणतो, आणि मग ती आणि मी फोनच्या दोन टोकांना उभे राहून घसा खाकरतो.) म्हणून शेवटी कागद घेतला. माझं शिक्षण सातवीपर्यंत, अक्षर तर तुला माहीतच आहे, त्यावरून तूच माझ्या बोटांवर पट्टी मारली होतीस. काही चुकलं तर ती पट्टी यातच वळती करून घे.

आधी आनंदाची बातमी सांगतो, कारण ती ऐकल्याशिवाय तू पुढे वाचणार नाहीस. साहेबांची खाज थांबली. शेपटीच्या मुळाशी तळहाताएवढं टक्कल पडलं होतं, तिथे आता मऊ केस आले आहेत. कान लाल नाहीत, पंजे चाटणं बंद. आज सकाळपासून त्यांनी दोनदाच खाजवलं. तेवढ्याच वेळात मी स्वतः सात वेळा खाजवलं, पण माझ्याकडे कोण बघतं. (तू त्यांना साहेब म्हणत नाहीस, "तुझं कुत्रं" म्हणतेस. पण ज्याने घरातली एकुलती एक आरामखुर्ची बळकावली, आणि मी समोर उभा राहिलो तरी जो मान हलवत नाही, त्याला मी कारखान्यातल्या सवयीने साहेबच म्हणणार.)

आता ती खाज थांबली कशी, ते सांगतो. त्यात तुझाही संबंध आहे, आणि तो संबंध कुठून सुरू करावा या काळजीनेच मी तीन महिने लिहिलं नाही. तू आलीस तेव्हा अर्धी गोष्ट होऊन गेली होती, म्हणून मुळापासून सांगतो. खाज सुरू झाली तेव्हा मी प्रथम गुडघ्याला लावायचं माझं मलम त्यांच्या पाठीवर चोळलं. माझ्या मनाने विचार केला की जे मला बरं करतं ते त्यांना का करणार नाही. साहेब घरभर पाठ घासत पळाले, पलंगाखाली शिरले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. तुझी भावजय म्हणाली, "तुमचा गुडघा तरी कुठे बरा झालाय त्याने?" मग आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथली डॉक्टरीण आपल्या नातीच्या वयाची, पण बोलायला हेडमास्तरीण. तिने मलमाचं ऐकून डोळे मिटले आणि काही वेळ उघडलेच नाहीत. मग कंगव्याने पिसवा शोधल्या, मानेवर थेंब टाकले, कातडीचा कण काचेवर घेऊन बघितला. शेवटी म्हणाली, कातडीला जखमांमुळे जंतू लागले आहेत, त्यासाठी सकाळ-संध्याकाळ गोळी आणि आठवड्यातून दोनदा औषधी साबणाची आंघोळ. पण मूळ खाज बहुतेक खाण्यातून येते आहे, रोजच्या खाण्यातलं काहीतरी साहेबांच्या अंगाला सोसत नाही. ते काय आहे हे रक्त तपासून नीट कळत नाही. त्याला एकच मार्ग. आठ आठवडे त्यांनी जन्मात न खाल्लेलं असं दोनच वस्तूंचं जेवण, आणि दुसरं काहीही नाही. आमच्या घरात मासा कधी शिजला नव्हता, म्हणून मासा आणि रताळं ठरलं. "कणसुद्धा दुसरा नको," ती म्हणाली. "कण म्हणजे कण, आजोबा. आणि जे तोंडात जाईल ते लिहून ठेवा."

अक्का, लिहून ठेवा म्हटल्यावर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. पस्तीस वर्षं मी कारखान्याच्या फाटकावर बसलो. आत येणारी गाडी, बाहेर जाणारी पेटी, कामगाराचा डबा, पिशवी, सगळं टेबलावर ओळीने मांडून बघायचं आणि वहीत चढवायचं, हेच काम. निवृत्त झाल्यापासून माझ्या हाताला काही चढवायला मिळालं नव्हतं. मी नवी कोरी जाड वही आणली, रेघा मारल्या आणि साहेबांचं तोंड हे फाटक समजून कामाला लागलो. तारीख, वेळ, मासा किती, रताळं किती, खाताना चेहरा कसा होता (हा रकाना डॉक्टरणीने सांगितला नव्हता). पहिल्या आठवड्यात मासा उकडला की गल्लीतल्या मांजरी आमच्या खिडकीखाली सभेला बसल्यासारख्या बसायच्या आणि साहेब आतून त्यांच्यावर भाषण करायचे. आंघोळीचं तर विचारू नकोस. फेस लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा असतो, लगेच धुवायचा नाही. दहा मिनिटं फेसाने भरलेल्या कुत्र्याला न्हाणीघरात धरून बसणं म्हणजे काय ते बसणाऱ्यालाच माहीत. सहाव्या मिनिटाला ते अंग झाडायचे आणि उरलेली चार मिनिटं फेस माझ्या अंगावर मुरायचा. (माझ्या हातावरचा जुना नायटा मात्र त्यात बरा झाला, पण हे डॉक्टरणीला सांगितलं नाही.)

इतकं करून तिसऱ्या आठवड्यातही खाज तशीच. वही स्वच्छ आणि साहेब रक्तबंबाळ. म्हणजे माल चोरून आत येत होता. मी संशयितांची यादी केली. प्रथम तुझी भावजय. तिच्या पाठीमागे मी दोन दिवस स्वयंपाकघरात उभा राहिलो, तिसऱ्या दिवशी तिने माझ्या हातात लाटणं देऊन "तुम्हीच करा" म्हटलं. मग शेजारचा शिंपी. त्याने दुकानाच्या पायरीवर मला बसवून आपले दोन्ही खिसे उलटे केले, त्यातून खडू आणि बटणं निघाली. आणि तेवढ्यात तू महिनाभर राहायला आलीस.

आता हात जोडून लिहितो. रोज दुपारी तीनला साहेब उठून तुझ्या खोलीकडे जायचे आणि दार आतून लोटलं जायचं. दहा मिनिटांनी ते जिभल्या चाटत बाहेर यायचे. फाटकावरच्या माणसाला एवढं पुरतं. अकराव्या दिवशी तू आंघोळीला गेलीस आणि मी तुझी पिशवी उघडली. तुझ्या वस्तू मी पलंगावर ओळीने मांडल्या, सवयीने डावीकडून उजवीकडे: दोन पातळं, तेलाची बाटली, गुडघ्याचा पट्टा, सुईदोरा, आईचा फोटो. (अक्का, आईचा फोटो हातात आल्यावरच मी थांबायला हवं होतं. पण पिशवीचे बाजूचे दोन कप्पे बघायचे राहिले होते.) काही सापडलं नाही. वळलो तर तू दारात, ओले केस टॉवेलात गुंडाळलेले. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसतं म्हणालीस, "कवळी राहिली बघायची. घे. एखादा कण तिच्यात अडकला असेल." आणि खरोखर काढून माझ्या हातावर ठेवलीस. नंतर ती परत लावलीस, सामान भरलंस, आणि दुपारच्या गाडीने गेलीस. चहासुद्धा अर्धा ठेवून. साहेब फाटकापर्यंत तुझ्या मागे आले, मी दाराआडच उभा राहिलो.

तू गेल्यावर खाज थांबायला हवी होती. थांबली नाही. म्हणजे तू निर्दोष, हे मला दोन दिवसांत कळलं आणि तुझ्या भावजयीने दर दोन तासांनी ते पुन्हा कळवलं. पाचव्या आठवड्यात आम्ही तिघे (ही, मी आणि साहेब) वही घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरणीने वही पहिल्या पानापासून वाचली. म्हणाली, अशी वही तिने शिकताना पुस्तकातसुद्धा पाहिली नाही. मी जरा ताठ बसलो. मग तिने सहज विचारलं, "गोळी कशी घेतात हो ते? त्रास नाही ना देत?" मी म्हटलं, त्रास? आनंदाने घेतात. आणि दाखवावं म्हणून खिशातली डबी काढली. त्यात पावाचा मऊ भाग लोण्यात मळून केलेले, लिंबाएवढे दोन गोळे होते, मध्ये गोळी. साहेब दोन पायांवर उभे राहिले.

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "हे काय आहे, आजोबा?"

"औषध."

"हे पाव आणि लोणी आहे."

"ते वरून. आत औषध आहे."

"आणि हे वहीत कुठे लिहिलंय?"

अक्का, तू हसशील, पण मी तिला जे सांगितलं ते अगदी खरं सांगितलं. आमच्या कारखान्यात औषधाची पेटी फाटकावरच्या वहीत कधी चढवायचे नाहीत. ती थेट कंपाउंडरकडे जायची, त्याची वही वेगळी. माल तो माल आणि औषध ते औषध. त्यामुळे पाच आठवडे, दिवसातून दोन, शिवाय साहेब कधी गोळी थुंकून गोळा तेवढा खायचे तेव्हा परत एक, असं लोणी मी स्वतःच्या हाताने आत सोडत होतो आणि फाटकावर खुर्ची टाकून चोर शोधत होतो. बाकावर बसलेली ही प्रथम तोंडावर रुमाल धरून हलायला लागली, मग रुमालही उपयोगी पडेना. डॉक्टरीण हसली नाही, तिने भिंतीवरचं कातडीचं चित्र खूप वेळ बघितलं. तिचे खांदे मात्र हलत होते.

मग सगळं पहिल्या दिवसापासून पुन्हा. गोळी आता कुस्करलेल्या रताळ्यात, आणि ती द्यायचं काम माझ्याकडून काढून घेतलं आहे. रोज सकाळी ही मला स्वयंपाकघराच्या दारात उभं करून माझे खिसे तपासते. (वरचा, खालचे दोन, आणि बंडीचा आतला. चांगली तपासते, फाटकावर शोभली असती.) या नव्या मोजणीच्या पाचव्या आठवड्यात साहेब रात्रभर न खाजवता झोपले. आठ झाल्यावर डॉक्टरणीने जुन्या वस्तू एकेक करून परत द्यायला सांगितल्या. पाव दिला, काही नाही. लोणी दिलं, तिसऱ्या दिवशी कान लाल. चोर सापडला. लोणी बंद केल्यावर पुन्हा शांत. आता हे लिहिताना ते माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपले आहेत आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला तर खपली कुठे लागत नाही. या वयात माणसाला आणखी काय हवं. एक गोष्ट हवी, ती खाली लिहितो.

सगळ्यांना आशीर्वाद सांग. तुझ्या पायांवर डोकं, आणि पट्टी मारायची असेल तर बोटं पुढे केली आहेत.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढच्या आठवड्यापासून कोंबडीच्या मटणाची तपासणी आहे. पंधरा दिवस साहेबांवर कडक नजर ठेवायला कोणीतरी हवं. ही दिवसभर किती पुरणार? मला या कामातून वगळायचं असा घरात ठराव झाला आहे, विरोधात एकच मत पडलं. या घरात झडती होऊन सुटलेली व्यक्ती एकच आहे, ती तू. तेव्हा रविवारच्या गाडीने ये. मी स्टँडवर उभा असेन, तुझी पिशवी उचलीन आणि तिचा बंद सोडणार नाही.

ता. क. दुसरा. हे पाकीट बंद करायच्या आधी, तू येणार म्हणून तुझ्या पलंगावरची गादी उलटवायला गेलो. गादी आणि भिंत यांच्या फटीत तुझा तो पत्र्याचा निळा डबा सापडला. आत बिस्किटांचा चुरा होता. लोण्याच्या बिस्किटांचा, पाकिटाचा कागदही आतच आहे, त्यावर लिहिलं आहे. झाकणावर ज्या दातांचे व्रण आहेत ते कवळीचे नाहीत.

हिला सांगितलेलं नाही. वहीतही चढवलं नाही. डबा घासून, पुसून परत त्याच फटीत ठेवला आहे. आता त्यात वाळवलेल्या रताळ्याच्या चकत्या आहेत. त्या साहेबांना चालतात, डॉक्टरणीला विचारून घेतलं. दुपारी तीनला दार लोटून घे. मी तेव्हा शिंप्याच्या पायरीवर असेन.